आधी पाय दावा

“बाई, आधी पाय दावा.”

मोऱ्यांची थोरली सून दाराच्या फटीतून बोलत होती. एक डोळा आणि अर्धं नाक एवढीच ती मला दिसत होती. मला वाटलं, नुकतंच सारवलं असेल आणि माझ्या चपला चिखलाने भरल्या असतील. मी चपला काढून बाजूला ठेवल्या आणि पायरी चढले.

“तसं न्हाई. साडी जरा वर करा. घोट्यापत्तुर.”

“काय?”

“बोटं म्होरं हायेत का टाच म्होरं हाय, येवढंच बघायचंय.”

एका खांद्याला लसीचा डबा, दुसऱ्या खांद्याला पिशवी, हातात दाब मोजायचं यंत्र. उन्हाने आधीच टाळकं तापलं होतं. मी मागे वळून हौसाबाईकडे पाहिलं. हौसाबाई ही गावची दाई. साठीची, काटक, तोंडाने फटकळ. तीन वर्षं ती माझ्यापुढे चालत मला घरं दाखवायची. त्या दिवशी मात्र वेशीपासून ती माझ्या मागे चालत होती, आणि मी भोळेपणाने समजत होते की तिचे गुडघे दुखत असतील. आता बघते तो बाईसाहेब खाली मान घालून धुळीत उमटलेली माझी पावलं न्याहाळत होत्या.

“सरळ हायेत गं,” हौसाबाईने मोऱ्यांच्या सुनेला निर्वाळा दिला. “म्या येशीपास्नं बघत आलेय.”

तरीही मला साडी वर करावीच लागली. मग दार उघडलं.

ही गोष्ट एकोणनव्वद सालची. मी तेव्हा कुंभेगावच्या उपकेंद्रावर नर्स होते. गावाची यात्रा झाली त्या आठवड्यात मी तालुक्याला प्रशिक्षणाला गेले होते, आणि माझ्यामागे यात्रा कमिटीने गावात व्हिडिओ आणला होता. शाळेच्या पटांगणात रंगीत टीव्ही ठेवून आधी देवाचा सिनेमा दाखवला आणि मग लोकाग्रहास्तव भुताचा. देवाच्या सिनेमाला म्हणे निम्मं गाव होतं, भुताच्याला सगळं.

सिनेमाची गोष्ट हौसाबाईने मला रस्त्याने सांगितली. तिने तो दोनदा पाहिला होता. त्यातलं भूत म्हणजे एक नर्स. पांढरी साडी, पांढरं पोलकं, हातात काळी पिशवी. भर दुपारी गल्ली सामसूम असताना यायची. ज्या घरात गरोदर बाई असेल त्याच घराची कडी वाजवायची. गोड बोलायची, हात धरायची, विचारायची, कितवा महिना? आणि तिचे पाय उलटे आहेत हे बिचाऱ्या घरच्यांना शेवटी, सगळं होऊन गेल्यावर कळायचं. सिनेमा हिंदीत होता. बोलणं निम्म्या गावाला कळलं नव्हतं, पण पाय सगळ्यांना कळले होते.

आता माझं बघा. माझी पांढरी साडी सरकारने ठरवलेली. दुपारी घरोघर जायची वेळ सरकारने ठरवलेली. आणि गरोदर बाई दिसली की पहिला प्रश्न कितवा महिना हा विचारायचा, हे मला सरकारी खर्चाने शिकवलेलं. त्या सिनेमावाल्याने माझा फोटो समोर ठेवून सिनेमा काढला असता तरी त्याला इतकं जमलं नसतं.

गावाने त्या सिनेमातून घेतलं ते नुसतं भय नव्हतं, चांगली शिस्तच घेतली होती. आरोग्याच्या सवयी लावताना तीन वर्षं माझ्या घशाला कोरड पडली होती. पाणी उकळून प्या, कुणी ऐकलं नाही. हात धुवा, कुणी धुतले नाहीत. आणि एका सिनेमाने दोन दिवसांत अख्ख्या गावाला वळण लावलं. दुपारी दाराकडे पाठ करून कुणी बसेना. न्हाताना बायका साबण लावायच्या तो डोळे उघडे ठेवून, मग डोळे चोळत माझ्याकडे मलम मागायला कुणाला तरी पाठवायच्या. आरसे भिंतीकडे तोंड करून टांगले गेले. प्रत्येक उंबऱ्यात विळा आला. आणि मी पाणी मागितलं की चार डोळे माझ्या घशाकडे लागायचे, घोट खाली उतरतो की नाही ते बघायला.

पुढे एक दिवस मी चिडून माझी घरची हिरवी साडी नेसून गेले. म्हटलं, आता तरी गप्प बसतील. त्या दिवशी तीन दारं जास्त बंद झाली.

“पिच्चरमधीबी ती मदी रूप बदलती, बाई,” हौसाबाई म्हणाली. “लोकांचं काय चुकलं?”

“हौसामावशी, तुम्ही माझ्याबरोबर बाळंतपणं केली आहेत. माझ्या ताटात जेवला आहात. तुम्हाला तरी हे पटतं का?”

“मला कशाला पटतंय? आजाबात न्हाई.” असं म्हणून ती पुन्हा माझ्या मागे गेली.

हसण्यावारी नेलंही असतं मी सगळं. पण वैजंता होती.

वैजंता गावाच्या टोकाला, कोळ्यांच्या आळीत राहायची. वय एकोणीस, पहिलटकरीण, आठवा लागलेला. नवरा साखर कारखान्यावर कामाला, तो महिन्यातून एकदा यायचा. घरात ती आणि सासू, सोजरबाई; तिला ती मामी म्हणायची. यात्रेच्या आधीच्या आठवड्यात मी तिला तपासलं तेव्हा दाब जरा वर होता. घोट्यावर अंगठा दाबून काढला तर खळगा तसाच राहत होता. मी तिला आणि सासूला समोर बसवून सांगितलं होतं. दर मंगळवारी मी येऊन दाब बघणार. डोकं दुखलं, डोळ्यांपुढे चमकलं, तर मंगळवारची वाट बघायची नाही, मला बोलवायचं.

हे असं का सांगावं लागतं ते मला माहीत होतं. आधीच्या गावात अशीच एक बाई माझ्या डोळ्यांदेखत झटके येऊन गेली होती, पोटातल्या बाळासकट. तेव्हापासून सुजलेले पाय दिसले की मी आधी दाबाचा पट्टा बाहेर काढत असे. त्यामुळे सिनेमानंतरच्या त्या पहिल्या मंगळवारी मला खरं तर एकच काम होतं. वैजंताच्या दंडाला पट्टा बांधून आकडा बघायचा. बाकीची घरं वाटेत होती म्हणून करायची.

ती वाटच मला भोवली. मोऱ्यांपासून सुरुवात केली आणि अकरा दारांत अकरा वेळा साडी वर करून पाय दाखवले. एका म्हातारीने तर माझी टाच चिमटीत धरून हलवून बघितली, खोटी बसवलीय का म्हणून. मी दात-ओठ खात सोसलं. पण गिरणीसमोरून जाताना, दळण घेऊन बसलेल्या चार-पाच बाप्यांपैकी एक जण ओरडला, “ओ बाई, आमालाबी दावा की पाय! आमी काय पाप केलंय?”

सगळी गिरणी हसली. हौसाबाईसुद्धा पदराआड हसली. ते मला दिसलं.

तशीच तणतणत मी वैजंताच्या दारात पोचले. कडी वाजवली. आत पावलं वाजली, हळू, पाय ओढत चालल्यासारखी. दार वीतभर उघडलं आणि वैजंताचा चेहरा दिसला. चेहरा सुजल्यासारखा वाटला मला. वाटला, हे मी आज सांगते. तेव्हा मी तिकडे नीट बघितलंच नाही.

“बाई, आलासा व्हय. म्या वाटच बघत व्हते,” ती म्हणाली. मग ओशाळून हसली. “रागावू नगा, पर तेवढं पाय...”

“वैजंता, तू सातवी शिकलेली आहेस.”

“व्हय. पर मामींनी शपथ घातलीया. त्या रानात गेल्यात. म्हनल्या, बघितल्याबगर घेऊ नगंस. येवढंच दावा, लगी दार उघडते.”

“नाही दाखवत.”

“बाई...”

“अकरा घरांत दाखवले. आता बास. सरकारी नर्स आहे मी, यात्रेतला तमाशा नाही. तुझ्या पोटातलं मूल माझं नाही, तुझं आहे. तुला गरज असेल तर सरळ दार उघड, नाहीतर मी चालले.”

ती दाराला धरून उभी राहिली. एकदा माझ्या तोंडाकडे बघितलं, एकदा खाली माझ्या साडीच्या काठाकडे. कडीवरचा हात हललाही होता तिचा. आणखी अर्धं मिनिट मी थांबले असते तर तिने शपथ मोडली असती, असं मला पुढे कितीदा तरी वाटलं. मी थांबले नाही.

“बाई, अवं बाई,” असं ती मागून म्हणत होती.

“बोटभर लुगडं वर केलं आसतं तर काय झिजलं आसतं?” हौसाबाई वाटेत म्हणाली.

“तुम्ही बोलूच नका,” मी म्हटलं.

बुधवारी माझा राग तसाच होता. गुरुवारी हौसाबाई उपकेंद्रावर आली आणि म्हणाली, “येकदा जाऊन या, पोर हाय ती.” मी म्हटलं, “तिला चालत यायला काय झालं? मी काही रोज दारात नाचायला जाणार नाही.” शुक्रवारी शेजारच्या गावात लसीकरण होतं. शनिवारी अहवाल लिहायचा होता. रविवारी मनात आलं, जाऊन यावं. मग गिरणी आठवली आणि अंगाचा तिळपापड झाला. गेले नाही. सोमवारही तसाच गेला.

मंगळवारी सकाळी मी उपकेंद्राचं कुलूप काढत होते तर सोजरबाई समोरच्या लिंबाखाली उभी. जवळ यायचं धाडस नव्हतं तिचं. तिथूनच ओरडली, “बाई, सुनंचं कपाळ फुटायला लागलंय कालपास्नं. डोळ्याम्होरं काजवं दिसत्यात म्हनती.”

मी दाबाचं यंत्र उचललं, कुलूप तसंच लोंबकळत सोडलं आणि धावले.

दार सताड उघडं होतं. वैजंता भिंतीला टेकून वाकळेवर बसली होती, उशाशी विळा. चेहरा इतका सुजला होता की डोळ्यांच्या फटीच राहिल्या होत्या. माझी चाहूल लागताच तिने विळ्याकडे हात नेला.

“कोन?”

“मी आहे, वैजंता. नर्सबाई.”

“पाय...” ती म्हणाली. “बाई, पाय दावा.”

मी तिच्यापुढे उभी राहून दोन्ही हातांनी साडी गुडघ्यापर्यंत वर केली. “बघ. नीट बघ. सरळ आहेत.”

ती बघत राहिली. मान इकडून तिकडे केली, डोळे चोळले.

“मला दिसंना वं बाई.”

मग तिने हात पुढे केला. चाचपत चाचपत माझं पाऊल सापडलं तिला. एकेक बोट तिने हाताने मोजलं, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत. मग हात मागे नेऊन टाच धरली. मी भिंतीला हात टेकून, पाऊल न हलवता उभी होते.

“सरळ हायेत,” ती म्हणाली आणि विळा बाजूला सरकवला.

पट्टा बांधला. एकशे ऐंशीवर एकशे वीस. तिच्या घोट्यावर अंगठा टेकवला तर तो पेरभर आत गेला.

दुधाचा टेम्पो गावातून निघायचाच होता. त्यातले कॅन उतरवून घेतले, तिला आडवं घातलं आणि सोजरबाईला नि हौसाबाईला बरोबर घेतलं. चालकाच्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं होतं मी. बावीस किलोमीटर. अर्ध्या वाटेत तिला पहिला झटका आला. दातांमध्ये पदराचा बोळा धरून, तिला कुशीवर वळवून मी तो पार पाडला. सोजरबाई देवाला हाका मारत होती, हौसाबाई तिला गप्प करत होती. दुसरा झटका दवाखान्याच्या दारात आला.

वैजंता वाचली. मुलगी झाली होती, ती मेलेलीच जन्मली. पुऱ्या नाकाडोळ्यांची, हातात सगळी नखं आलेली. मीच तिला कपड्यात गुंडाळलं.

बाहेर व्हरांड्यात सोजरबाई बसली होती. ती माझ्याकडे न बघता हौसाबाईला म्हणाली, “पिच्चरमदल्यागतच झालं की गं. बाई दारात आली आन् लेकरू गेलं.”

माझ्या डोक्यात तिडीक गेली. अगं बये, असं नव्हतं झालं, बरोबर उलटं झालं, असं ओरडावंसं वाटलं मला. पण उलटं म्हणजे कसं, ते सांगायला लागले असते तर त्या आधीच्या मंगळवारपाशी यावं लागलं असतं. मी वळून आत वैजंताकडे गेले.

नोकरीची पुढची तेवीस वर्षं मी ही गोष्ट नव्या नर्सांना प्रशिक्षणात सांगत आले. एका सिनेमापायी बायका कशा दारं लावतात, विळे उशाशी घेतात, उलटे पाय शोधत बसतात आणि खरा धोका स्वतःच्या सुजल्या पायांत असतो तो त्यांना दिसत नाही. मुली हसायच्या, मग हळहळायच्या. मी टेम्पोपर्यंत सांगायची. त्यापुढचं मी कुणालाच सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी वैजंताला चांगली शुद्ध होती. दिसायलाही लागलं होतं. मी तिच्या खाटेजवळ उभी असताना दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई फेरीवर आल्या. कडक बाई, हाताखालच्या लोकांची गय करत नसत. त्यांनी कागद बघितले आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

“सिस्टर, तीन आठवड्यांपूर्वी हिचा दाब वाढलेला होता. तुमचीच नोंद आहे. मग मागच्या मंगळवारी का तपासला नाही? त्या दिवशी हिला इथे आणलं असतं तर दोघी हाती लागल्या असत्या. तुम्ही गेला होता की नव्हता?”

“गेले होते,” मी म्हणाले.

“मग?”

सांगायचं होतं ते एका वाक्याचं होतं. तेवढ्यात खाटेवरून आवाज आला, बारीक, पण स्पष्ट.

“बाई आल्या व्हत्या. लई येळ कडी वाजिवली त्यांनी. म्याच दार उघडलं न्हाई.”

“का?”

“त्या पिच्चरला भ्याले.”

डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. “काय बायका आहात तुम्ही! सिनेमाला भिऊन स्वतःचं मूल घालवलंस गं?” त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. मग माझ्याकडे वळून, जरा मऊ होऊन म्हणाल्या, “तुमचा काही इलाज नव्हता, सिस्टर. अशा लोकांत काम करायचं म्हणजे कठीण.” आणि त्या पुढच्या खाटेकडे गेल्या.

मी वैजंताजवळ वाकले. “असं का सांगितलंस? दार तू उघडलं होतंस.”

तिने माझ्याकडे बघितलं. चेहऱ्यावरची सूज उतरली होती. त्या डोळ्यांत राग असता तर मला सोसला असता. राग नव्हता.

“खरं सांगितलं आसतं तर तुमास्नी काढलं आसतं का न्हाई?”

“काढलं असतं.”

“मग फुडल्या येळंला माज्यासाठी कोन येनार?” ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

डॉक्टरीणबाई तेव्हा दोनच खाटा पलीकडे होत्या. एक हाक मारली असती तर त्यांना ऐकू गेली असती. मी तिचं पांघरूण सारखं करत उभी राहिले, डॉक्टरीणबाई वॉर्डाबाहेर जाईपर्यंत.